चाळीस पुड्या नासी लेमाक

२०२५ च्या मार्चमध्ये मी आमच्या इथल्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायच्या जेवणाला, नासी लेमाक हा मलेशियाचा नारळभात करून नेला, तीन किलो तांदळाचा, आणि ते दोन दिवस कसे गेले ते लिहून ठेवायचं कधीपासून मनात होतं, आज बसलेय. लांबण लागणारे, कारण सांबालबद्दल, म्हणजे त्या भातावरच्या शिजवलेल्या मिरचीच्या चटणीबद्दल, मला बरंच बोलायचंय.

आधी हे सांगते की मी मलेशियन नाही. माहेर साताऱ्याकडचं, सासर वेंगुर्ल्याचं. नवऱ्याला मलेशियात सायबरजायाला नोकरी लागली म्हणून २००८ मध्ये आम्ही पेतालिंग जायाला गेलो, दोन वर्षांसाठी म्हणून गेलो आणि दहा वर्षं राहिलो, लेक तिथेच जन्मली, मग २०१८ ला मेलबर्नला आलो. पेतालिंग जायाला आमचं रांगेतलं घर, भिंतीला भिंत लागून, आणि पलीकडे मकचिक. मकचिक म्हणजे मलयमध्ये मावशी-काकी, त्यांना सगळी गल्लीच मकचिक म्हणायची. मला त्या 'आनाक' म्हणायच्या, लेकरू. बाळंतपणात माझी आई व्हिसामुळे पंधरा दिवस उशिरा पोचली, ते पंधरा दिवस मकचिकनी काढले. एवढं सांगितलं की पुढचं कळेल.

तिकडे भेटलं की पहिला प्रश्न "दाह माकान?", जेवलीस का. आपल्याकडे गावाला विचारतात तसंच. आणि नासी लेमाक म्हणजे तिथली सकाळ. रस्त्याच्या कडेला छत्रीखाली एक टेबल, त्यावर केळीच्या पानाच्या पुड्यांचा ढीग, तेव्हा दीड-दोन रिंगिटला एक, ऑफिसला जाणारा माणूस बाईक थांबवून दोन पुड्या घेऊन जाणार. नासी म्हणजे भात आणि लेमाक म्हणजे नारळाच्या रसाचा तो स्निग्धपणा. आत काय असतं तर नारळाच्या दुधात शिजवलेला भात, सांबाल, तळलेले सुके बारीक मासे म्हणजे इकान बिलिस, तळलेले शेंगदाणे, काकडीच्या चकत्या, उकडलेलं अंडं. बस्स. मलय, चिनी, तमिळ सगळे खातात. २०२४ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने मलेशियाची न्याहारीची संस्कृती आपल्या यादीत घेतली त्यात नासी लेमाक, रोती चनाई म्हणजे पराठ्यासारखी रोटी, आणि तेह तारिक म्हणजे फेसाळ दुधाचा चहा आहेत, ती बातमी वाचली तेव्हा मी किचनमध्ये उभी होते आणि मला एकदम भरून आलं. पॉटलकचं डोक्यात आलं ते तेव्हाच.

तर आमचं पॉटलक. आम्ही स्प्रिंगवेलच्या जवळ राहतो, इथल्या नेबरहुड हाऊसमध्ये दर मार्चला सगळे आपापल्या घरचा पदार्थ घेऊन जमतात. २१ मार्चला ऑस्ट्रेलियात हार्मनी डे असतो, १९९९ पासून पाळतात, मुलं शाळेत नारंगी कपडे घालून जातात, त्या आठवड्यातला शनिवार धरून हे असतं. मी आधीची चार-पाच वर्षं समोसे आणि बटाटेवडे नेले. या वेळी नावनोंदणीच्या कागदावर पदार्थाच्या पुढे नासी लेमाक लिहिलं आणि देशाच्या रकान्यात मलेशिया. दोन दिवसांनी आयोजकांपैकी एका बाईंचा फोन, अगदी गोड आवाजात, की तुम्ही इंडियन ना, मग तुमचे समोसे लोकांना किती आवडतात, आणि हे करायचंच असेल तर जरा मवाळ करा, त्या मासळीच्या वासाने लोकांना त्रास होतो.

मी फोन ठेवला आणि अर्धा तास नुसती बसले. पहिल्या मुद्द्यावर मला स्वतःलाच शंका होती, खोटं कशाला बोलू. हा पदार्थ माझा म्हणायचा मला काय अधिकार? नवरा म्हणाला कर, त्यात काय. पण लेक जे बोलली त्याने माझं ठरलं. ती म्हणाली, आई मी तिथे जन्मलेय, माझ्यासाठी घरचं जेवण म्हणजे हेच, तू वरणभात नंतर शिकवलास. चौदा वर्षांची मुलगी हे इतकं सरळ बोलली. त्यावर मी काय बोलणार. कागदावरचं नाव तसंच ठेवलं. आणि मवाळ करायचं नाही हेही तेव्हाच ठरवलं. बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची वडी, काढून टाकलं की सांबाल नुसती टोमॅटोच्या सॉसची लांबची बहीण होते, मग ते सांबाल नाही.

एक गोष्ट मात्र आधी नीट विचार करून ठरवायला लागली. तारीख होती २२ मार्च आणि रमजान चालू होता. आमच्या भागात दोन-तीन मलेशियन घरं आहेत, शिवाय क्लेटनला मोनाश युनिव्हर्सिटी आहे तिथली मुलं. पॉटलक साडेपाचला सुरू होणार आणि सूर्य मावळणार सात-वीसच्या आसपास, म्हणजे ज्यांच्यासाठी हे सगळ्यात जास्त जिव्हाळ्याचं त्यांनी पावणेदोन तास समोर बघत बसायचं. मलयमध्ये रोज्याला पुआसा म्हणतात, आपल्या उपवासावरूनच गेलेला शब्द आहे तो, आणि रोजा सोडणं म्हणजे बुका पुआसा. शिवाय पॉटलकच्या टेबलावर पोर्कचे पदार्थ पण असतात आणि चमचे इकडचे तिकडे होतातच, मग हलाल पाळणाऱ्या माणसाने त्या टेबलावरचं उघडं कसं खावं? लेकच म्हणाली, आई, बुंगकुस कर ना. बुंगकुस म्हणजे पुडी. केळीच्या पानात बांधलेली बंद पुडी, चमचा लागायचा प्रश्न नाही, वेगळी बाजूला ठेवता येते, ज्याला जेव्हा खायची तेव्हा खाईल. चाळीस पुड्या करायच्या ठरल्या. मांस काहीच घालायचं नव्हतं त्यामुळे तेही सोपं झालं.

सामान सगळं स्प्रिंगवेलच्या एशियन दुकानात मिळतं, गुरुवारी जाऊन आणलं. फ्रोजन केळीची पानं, फ्रोजन पांदानची पानं, बेलाचानची वडी, इकान बिलिस, गुला मेलाका, नारळाच्या दुधाचे डबे, जास्मिन तांदूळ. पांदान म्हणजे आपल्या केवड्याच्या कुळातलंच एक झुडूप, पण वास पानाला, कोकणात काही परसांत लावलेलं असतं आणि भातात टाकतात. गुला मेलाका म्हणजे माडाचा गूळ. गुला हा शब्द पण संस्कृत गुडवरून गेलेला आणि आपला गूळ पण तिथूनच आलेला. असे शब्द तिकडे पावलोपावली भेटतात. गावजेवणाला ते केंदुरी म्हणतात, आणि माझ्या माहेरी पीराची कंदुरी असते, फारसीतला एकच शब्द दोन दिशांना गेलेला. पहिल्यांदा मकचिकच्या तोंडून केंदुरी ऐकलं तेव्हा मी दोनदा विचारून खात्री केली होती.

शुक्रवारी संध्याकाळी सांबाल. सासूबाई तेव्हा आमच्याकडे आलेल्या होत्या, तीन महिन्यांसाठी, त्यांनी न सांगताच लाल छोटे कांदे सोलायला घेतले, अर्धा किलो, एवढाले बारके कांदे सोलणं म्हणजे काय ते करणाऱ्यालाच ठाऊक. बेलाचान भाजल्याशिवाय वापरायचं नसतं आणि ते घरात भाजलं तर धुराचा अलार्म वाजतो, म्हणून मी मागच्या अंगणात बार्बेक्यूवर वडीचा तुकडा फॉइलमध्ये बांधून भाजला. वास घरात आलाच. सासूबाई कांदे सोडून दारात आल्या, दोनदा वास घेतला आणि म्हणाल्या, "अगो, हो तर जवळोच!" आणि ते अगदी खरंय. बेलाचान ज्या बारीक कोळंबीचं करतात ती आपल्या जवळ्याच्या जातीचीच, फक्त ते लोक ती मीठ घालून आंबवतात, कुटतात, उन्हात वाळवतात आणि वड्या थापतात. ज्या बाईंना आठ दिवस आधीपासून माझ्या या उद्योगाची काळजी वाटत होती त्या एका वासाने माझ्या बाजूला आल्या. त्यानंतर रात्रभर त्या किचनमधून हलल्या नाहीत.

आता प्रमाण सांगते, चाळीस माणसांचं. दोनशे ग्रॅम सुक्या मिरच्या, त्यातल्या अर्ध्या एशियन दुकानातल्या आणि अर्ध्या ब्याडगी, कारण ब्याडगीचा रंग सुंदर येतो आणि तिखटपणा बेताचा राहतो. बिया काढून कात्रीने कापायच्या, पाण्यात चांगल्या दहा मिनिटं उकळायच्या, पाणी फेकून द्यायचं. हे उकळणं मकचिकनी शिकवलेलं, नुसत्या भिजवलेल्या मिरचीचं सांबाल पोटात जळतं असं त्यांचं म्हणणं. मग मिरच्या, ते सोललेले कांदे, लसणाच्या वीस पाकळ्या आणि साठेक ग्रॅम भाजलेलं बेलाचान मिक्सरला अगदी गंध वाटावं तसं बारीक. जाड बुडाच्या कढईत अर्धा लिटरला थोडं कमी तेल. हो, एवढं. मी पहिल्यांदा शिकताना तेल हात राखून घातलं होतं तर मकचिकनी माझ्या हातातून बाटली घेतली होती, "जांगान केदेकुत मिन्याक", तेलात चिक्कूपणा करू नको, नंतर वरचं काढून ठेव हवं तर, पण शिजताना पाहिजे.

वाटण तेलात गेलं ते आठ चाळीसला. इथून पुढे खरं काम आहे आणि इथेच बहुतेक लोक घाई करतात. मलयमध्ये एक शब्द आहे, पेचाह मिन्याक. पेचाह म्हणजे फुटणं, मिन्याक म्हणजे तेल. आपण तेल सुटेपर्यंत म्हणतो ना, तेच, फक्त आपल्याकडे ते पाच-सात मिनिटांत सुटतं आणि इथे तास-दीड तास. पहिली पंधरा-वीस मिनिटं सगळं नारंगी असतं, फेस येतो, चेहऱ्यावर उडतं, वास घशाला लागतो, सगळे खोकतात. मग पाणी आटतं आणि वाटण तेल पिऊन टाकतं, कढईत एक थेंब तेल दिसत नाही, आणि इथे नवशिका माणूस घाबरून पाणी घालतो किंवा झालं म्हणून गॅस बंद करतो. बंद करायचा नाही. मंद करायचा आणि तळापासून खरवडत ढवळत राहायचं. रंग विटकरी होतो, मग काळपट लाल. घशाला लागणारा वास हळूहळू गोडसर व्हायला लागतो, ते नाकालाच कळतं. आणि मग कधीतरी कढईच्या कडेला, ढवळून पळी उचलली की त्या खाचेत, लाल तेलाची एक बारीक रेघ येते. मग दुसरी. मग सगळं वाटण तेलावर तरंगायला लागतं. त्या रात्री ती रेघ दहा वाजून पाच मिनिटांनी आली. मकचिक या सगळ्या वेळात एकच शब्द म्हणत राहायच्या, "साबार, साबार". सबुरी. शिर्डीला भिंतीवर लिहिलेला शब्द त्यांच्या कढईपाशी ऐकायला मिळायचा.

त्यानंतर किलोभर मोठ्या कांद्याच्या चकत्या, चिंचेचा कोळ, दीडशे ग्रॅम गुला मेलाका, मीठ, आणि तळलेल्या इकान बिलिसपैकी अर्धे आत, अर्धे कुरकुरीत वेगळे ठेवायचे. कांदा अगदी मऊ झाला की संपलं. चव आधी गोड लागते, मग आंबट, मग तिखट मागून येतं. शाकाहारी लोकांसाठी एका छोट्या पातेल्यात बेलाचान आणि मासे न घालता वेगळं केलं, त्यात आंबवलेल्या सोयाबीनची ताउचु घातली, तिकडचे शाकाहारी चिनी लोक तसंच करतात, आणि ते चांगलंच होतं, त्याला दुय्यम समजायचं कारण नाही.

रात्री साडेअकराला मी झोपले ते भात सोपा आहे या समजुतीत.

शनिवारी सकाळी सातला मोठ्या पातेल्यात दीड किलो तांदूळ, नारळाचं दूध, पाणी, मीठ, आलं, गाठ मारलेली पांदानची पानं, सगळं घरी चार माणसांना करते त्याच हिशोबाने वाढवून घातलं आणि झाकण ठेवलं. पाऊण तासाने जळका वास आला. झाकण काढलं तर वरचा भात कच्चा, करकर लागणारा, मधला लापशीसारखा आणि बुडाला दोन बोटं कोळसा. नारळाचं दूध तळाशी बसलं आणि करपलं, आणि करपलेल्या नारळाचा वास सगळ्या भातात गेला, त्यातलं काहीच वाचवता आलं नाही. मी पातेलं सिंकमध्ये ठेवलं आणि मला रडूच आलं. तांदळाचं नुकसान वाईट होतंच, पण मला वाटलं त्या बाईंचंच खरं होतं, समोसे करायला हवे होते, जे आपलं नाही त्याच्या नादी का लागले.

सासूबाई म्हणाल्या, तुझ्या त्या मकचिकला फोन लाव. मी म्हटलं तिकडे पहाटेचे पाच वाजलेत. आणि बोलता बोलता लक्षात आलं की रमजान आहे, पाचला त्या सहरीला उठलेल्याच असणार. व्हिडिओ कॉल लावला. पहिल्याच रिंगला उचलला. डोक्यावर ओढणी, समोर ताटली, मागे तोच निळा पंखा. मी पातेलं दाखवलं. त्या हसल्या नाहीत की काही नाही, एवढंच विचारलं की किती किलो, आणि मग म्हणाल्या, "कुकुस, आनाक. कुकुस." वाफव.

मग त्यांनी जेवता जेवता सगळं सांगितलं, कारण सव्वासहाच्या आत त्यांना हात धुवायचे होते. जास्तीचा नासी लेमाक कोणी पातेल्यात शिजवत नाही. तांदूळ तासभर भिजवायचा, निथळायचा, कपडा घालून चाळणीत वाफवायचा, पाऊण कच्चा असतानाच काढायचा, परातीत घेऊन त्यावर मीठ घातलेलं गरम नारळाचं दूध ओतून हलक्या हाताने कालवायचं, दहा मिनिटं झाकून ठेवायचं म्हणजे तांदूळ दूध पितो, आणि परत वाफवायचा. दाणा मोकळा राहतो, लागायचा प्रश्नच नाही कारण तळाला दूधच नाही. नवरा धावत जाऊन आणखी तांदूळ आणि दुधाचे डबे घेऊन आला. वाफवायला माझ्याकडे काय होतं, तर मोदकपात्र. गणपतीत जे निघतं ते, सासूबाईंनीच वेंगुर्ल्याहून लग्नात दिलेलं, आणि एक मोठं इडलीचं भांडं. त्या दोन भांड्यांत, मलमलचं फडकं घालून, पाच घाण्यांत तीन किलो भात झाला. चाळणीत फडक्यावर भात पसरणं, कडेने बोटाने भोकं पाडणं की वाफ वर यावी, हे सगळं सासूबाईंनी मला करू दिलं नाही, स्वतः केलं, उकडीचं त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. तिसऱ्या घाण्याचं झाकण काढलं तेव्हा पांदान आणि नारळाचा तो वास आला, पेतालिंग जायातल्या सकाळी सहाचा वास, आणि लेक वरच्या खोलीतून धावत खाली आली.

पुड्या दुपारी साडेतीनला बांधायला घेतल्या, मुद्दाम उशिरा. नारळाच्या दुधाचा भात फार लवकर उतरतो, आणि इथला नियम पण आहे की पाच ते साठ डिग्रीच्या मध्ये राहिलेलं अन्न चार तासांनंतर खायचं नाही, टाकून द्यायचं. हिशोब केला, सात-वीसला खाणाऱ्याच्या हातात पुडी चार तासांच्या आत पडली पाहिजे. पानं गॅसवर शेकून घ्यायची, हिरवी चकाकी आली आणि पान मऊ पडलं की ते दुमडताना फाटत नाही, पानगी करणाऱ्यांना हे माहितीच असेल. वाटीभर भात, त्यावर चमचाभर सांबाल, अर्धं अंडं, काकडी, मासे, दाणे. पान दोन्हीकडून घेऊन वर निमुळतं करायचं, बाहेरून तपकिरी कागद, रबरबँड. लाल रबरबँड म्हणजे सगळं असलेली, हिरवा म्हणजे शाकाहारी, त्या आठ, पिवळा म्हणजे शेंगदाणे नसलेली, त्या सहा, आणि त्या सहा आम्ही सगळ्यात आधी, दाणे ओट्यावर यायच्या आत बांधून दुसऱ्या टोपलीत ठेवल्या. इथे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं खरंच खूप असतात, त्यात हयगय नको. पाटी लेकीने लिहिली. मी कोकोनट राइस लिहू म्हणत होते, तिने नासी लेमाक लिहिलं, मोठ्या अक्षरात, आणि खाली आत काय काय आहे ते सगळं, मासे, कोळंबी, शेंगदाणे, अंडं, एकही गोष्ट न लपवता.

हॉलमध्ये गेल्यावर चौदा पुड्या बाजूला काढून थर्मल बॅगेत ठेवल्या, सूर्यास्तानंतरच्या. बाकीच्या सव्वीस मांडल्या. पहिला अर्धा तास फारसं कोणी आलं नाही, बंद पुडी बघून लोकांना कळत नव्हतं उघडायची का काय. मग एक श्रीलंकन काका आले, पुडी उघडली, नाक जवळ नेलं आणि म्हणाले "रांपे!", त्यांच्याकडे पांदानला रांपे म्हणतात, आणि तिथेच उभ्या उभ्या हाताने खायला लागले. त्यांना बघून लोक आले. एका व्हिएतनामी आजींनी सांबाल चाखून मला काहीतरी लांबलचक सांगितलं, त्यांच्या नातीने भाषांतर केलं की मासे कुठून आणले विचारतेय. वासाची तक्रार एकानेही केली नाही. फोन करणाऱ्या बाईंनी पण एक पुडी घेतली, हिरव्या रबरबँडची, आणि नंतर येऊन म्हणाल्या की लाल रबरबँडची एक मिळेल का. सातच्या आत सव्वीस संपल्या.

आमच्या भागातलं एक मलेशियन कुटुंब सातला आलं. नवरा-बायको, त्यांचा लहान मुलगा, आणि सोबत मोनाशची तीन मुलं, दोन मुली एक मुलगा. मी त्यांना कोपऱ्यातलं टेबल धरून ठेवलं होतं, खजूर आणि पाणी ठेवलेलं. सात-वीसच्या सुमाराला त्यांच्यातल्या एकाच्या फोनवर अजान झाली, खजूर खाल्ले, पाणी प्यायले. मग पुड्या उघडल्या. तो मुलगा, वीसेक वर्षांचा असेल, त्याने कागद काढला, पान बाजूला केलं आणि खाल्लंच नाही, नुसता वाकून वास घेत बसला. मग एकदम खायला लागला आणि संपेपर्यंत मान वर केली नाही. मी लांब उभी होते. त्यांच्या खाण्याकडे बघणं बरं नाही हे कळत होतं आणि तरी नजर हटत नव्हती.

त्या कुटुंबातली बाई मुआरची, मलेशियातल्या जोहोरमधली, माझ्याहून थोडी मोठी. मी तिला काक म्हटलं, म्हणजे ताई, आणि मोडक्या मलयमध्ये विचारलं कसं झालंय, खरं सांगा. तिने खरंच खरं सांगितलं. आधी बोटाने पानावरचं लाल तेल दाखवलं, "सांबाल नी बेतुल-बेतुल पेचाह मिन्याक." हे सांबाल अगदी खरोखर तेल सुटेपर्यंत शिजलंय. मग म्हणाली, पण भात कुरांग लेमाक सिकित, नारळाचा स्निग्धपणा जरासा कमी पडलाय, डब्यातलं दूध असेल तर पाणी अजिबात घालू नको, आणि दुसऱ्या वाफेच्या वेळी परत थोडं घट्ट दूध शिंपड. मला इतका आनंद झाला की काय सांगू. छान छान तर सगळेच म्हणत होते. तिने मला चूक सांगितली, म्हणजे तिने तो नासी लेमाक म्हणूनच खाल्ला होता.

निघताना तो मुलगा आला, "आंटी, तापाव बोलेह?" बांधून नेऊ का. राहिलेल्या आठ पुड्यांपैकी दोन त्याला दिल्या आणि बजावलं की चार तास भरत आलेत, लगेच खा, ठेवून देऊ नको. बाकी सहा त्या ताईच्या हातात, आणि उरलेलं सांबाल माझ्या स्टीलच्या डब्यात घालून दिलं. दोनशे ग्रॅम मिरच्यांच्या त्या सांबालातलं मी घरी फक्त एक वाटी आणलं. रात्री मकचिकना रिकाम्या टोपलीचा फोटो पाठवला, त्यांचं उत्तर आलं, मोदकपात्राचा फोटो पाठव, ते भांडं कसं असतं बघायचंय.

३१ मार्चला राया, म्हणजे ईद, होता. त्यानंतरच्या शनिवारी दुपारी बेल वाजली, दारात तो लहान मुलगा, हातात माझा स्टीलचा डबा, ताई गाडीतून हात करत होती. पेतालिंग जायाला मकचिककडे गेलेलं भांडं कधी रिकामं आलं नाही आणि वेंगुर्ल्यालाही आमच्याकडे रिकामं भांडं परत देत नाहीत, त्यामुळे उचलतानाच वजनाकडे लक्ष गेलं. आत रेंदांग होतं, चिकनचं, काळपट, कोरडं, भाजून कुटलेल्या खोबऱ्यात मुरलेलं, आणि वर हिरवे बारीक चिरलेले धागे. सासूबाईंनी त्यातला एक धागा बोटांवर घेतला, चुरगळला, नाकाशी नेला.

"हळदीचा पान," त्या म्हणाल्या. "पातोळ्यांचा."

मग त्यांनी भात लावला.